मेंढरामागं एक दाणा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणि वर म्हणती कशी, "मावशी, एका तासाला एकच खूण करा हं, दोन नको." एकच कशी करू? सकाळी सात ते आठ मी घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं चालले व्हते, काखेत कालचं कोकरू, तोंडानं जाऊबाईशी भांडण, आणि टाचेत काटा. हिच्या वहीत रकाने तीन. काम, प्रवास, विश्रांती. भांडणाला रकाना न्हाई. काट्याला न्हाई. मी तिन्हींवर खुणा केल्या तर तोंड एवढंसं करून म्हणती, "असं केलं तर संगणक घेत नाही, मावशी." न घेऊंदे. मी काय संगणकाच्या घरी नांदाय आले न्हाई.

ही पोरगी म्हणजे ऋचा. सांगलीची. भूगोलात सोळावी का सतरावी शिकती. चौथीपर्यंत मला म्हाईत व्हतं की भूगोल म्हणजे नद्या आणि डोंगर. ही म्हणती, माणसं कुठनं कुठं जातात आणि का जातात, तो बी भूगोलच. दसऱ्याच्या आधी आमच्या वस्तीवर आली, तिकडं आटपाडीच्या अंगाला, हातात फारमांची चळत घेऊन. तेवीस घरं आमची, सगळी मेंढरंवाली. कुणी तिला दारात उभं करीना. मग मीच घरोघर फिरवली. दया आली म्हणून न्हाई. उन्हात उभी राहून पोरगी वाळाय लागली व्हती, ते बघवंना, एवढंच.

दिवाळीनंतर आमी मेंढरं घेऊन पलूसकडं उसाच्या रानात उतरतो. तर ही हितं बी हजर. घड्याळाचे रकाने छापलेली वही दिली. कुठल्या तासाला कुठं व्हते आणि काय करत व्हते ते भरायचं. मधनं मधनं येऊन बघणार, आणि बावीस तारखेला घेऊन जाणार.

त्या रकान्यात माझा दिवस मावत न्हाई. म्हणून माझ्या पोरीची, सृष्टीची, अर्धी कोरी वही काढली. तिच्या वहीत खुणा करीन. खरं काय ते हितं. ही वही तिला दाखवायची न्हाई.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भाऊसो आला. ह्याच्या रानातला ऊस तुटून गेलाय. तिथं आमी मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीनं रान खतावतं, आणि बदल्यात त्यानं ज्वारी द्यायची. जेवढी मेंढरं जास्त तेवढी ज्वारी जास्त. त्यामुळं माझं थोरलं दीर, मल्हारदादा, दर साली एकच आकडा सांगतात.

"तीनशे हायत."

"तात्या, गेल्या साली बी तीनशे, त्याच्या आदल्या साली बी तीनशे. तुमची मेंढरं मरत न्हाईत का वीत न्हाईत? का पगारावर हायत?"

"मग मोजून घे की, गड्या."

"मोजाय गेलो की तुमी कुत्री सोडताय."

सगळी हसली. ऋचा बी हसली आणि तिनं ते लिहून घेतलं. मग पिशवीतले जुने फारम उलटले आणि मला हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या दोन घरांची मिळून एकशे दहा सांगितली होती ना तुम्ही?"

माझी भाकरी तव्यावर करपली.

"बाकीची राखोळीची," मी म्हणलं. "दुसऱ्यांची, राखाय घेतलेली."

पोरीचं तोंड असं उजळलं की काय सांगू. "हे तर कुणीच सांगितलं नव्हतं! सर खूश होतील. राखोळीवर एक वेगळं प्रकरणच करता येईल."

माझ्या एका थापेवर हिनं प्रकरण उभं केलं.

हितं खरं लिहिते. मेंढरांचा आकडा आमच्यात तोंडानं काढत न्हाईत. बोट दाखवून मोजत न्हाईत. नजर लागती. आणि नजर न्हाई लागली तर सरकार लागतं. सासूच्या वेळी चराईचा दंड बसायचा, तो मेंढरामागं बसायचा. तवापासनं शेतकऱ्याला जास्त सांगायचं, कागदवाल्याला कमी, आणि देवाला सांगायचंच न्हाई, त्याला दिसतंय. दसऱ्याआधी ही पोरगी दिसली तसं मल्हारदादानं अंगणात बसूनच ठरवलं, "कागुद हाय हातात. निम्मं सांगा." तेवीस घरांत निरोप गेला.

पोरीला घरोघर फिरवणारी मी. तिच्या आधी निरोप पोचवणारी बी मीच.

रविवार, ९ फेब्रुवारी

ऋचा आज मेंढरं मोजाय बसली. गंमत म्हणून, म्हणली. तीन डाव मोजली, तीन आकडे आले. एक मेंढरू तिच्या ओढणीचं टोक चावत व्हतं, ते प्रत्येक वेळी धरलं का सोडलं तेच तिला कळंना.

"तुम्हाला कसं कळतं मावशी, सगळी आली का नाही?"

"तोंडं बघून. तुझ्या घरात माणसं किती ते तू मोजून सांगतीस का?" आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, तुटक्या कानाची न्हाई आली. मालकाला हाक मारली. गेले, आणि पाटाच्या पलीकडनं आणली. ऋचा नुसती बघत बसली. मग लिहिलं. काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणती, "स्थानिक ज्ञान." एवढीशी मेंढी हुडकली त्याला एवढं मोठं नाव.

(मालकाचं नाव मी घेत न्हाई. पण वहीला काय ऐकू येतंय? धुळा.)

चहा पिताना तिला विचारलं, एवढं फिरून करायचं काय असतं शेवटी. तिनं समजावून सांगितलं. आधी एक अंदाज बांधायचा. मग लोकांना असे प्रश्न विचारायचे की अंदाज चुकीचा असला तर तो चुकीचा ठरावा.

"खोटं ठरावं म्हणून विचारायचं?"

"हो. त्यालाच संशोधनाचा आराखडा म्हणतात."

"आणि ठरलं खोटं, तर पास का नापास?"

"पास," म्हणली. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणली, "कागदावर तरी."

तिचा अंदाज असा की मेंढरं घटत चाललीत. आणि तेवीसच्या तेवीस घरांतनं एकसारखं उत्तर आलंय. कुठंच उलटसुलट न्हाई. सर म्हणले, अशी विश्वसनीय माहिती पोरांना सहसा मिळत न्हाई.

मी उठले आणि भांडी घासाय घेतली. घासलेलीच व्हती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वाडा, म्हणजे आमचं बिऱ्हाड न् मेंढरं, हलवला. कडेगावच्या वाटेला भाऊसोचं दुसरं रान हाय, तिथं. आठ मैल. पाय सुजलेत. तिच्या वहीत एकच खूण केली, विश्रांतीवर. काय करायचं ते करूंदे संगणकाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारी सृष्टीचा फोन. ती तिकडं वस्तीवर सासूबाईंजवळ असती, अकरावीला. म्हणली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावलाय, फोटो काढलाय, वाचून दाखवू का. वाच म्हणलं.

गायरान सोलरला द्यायचं. एकशे चाळीस एकर. सगळंच. ज्याची हरकत असंल त्यानं सोमवार १७ मार्चपर्यंत लेखी द्यावी. आणि द्यायचं का, तर सृष्टीनं अडखळत वाचलं, "मेंढपाळ कुटुंबांकडील मेंढ्यांची सरासरी संख्या दहा वर्षांत शहाण्णववरून अठ्ठेचाळीसवर आली असून, गायरानाचा वापर निम्म्याने घटल्याचे अभ्यासातून स्पष्ट झाले आहे."

"कुणाचा अभ्यास?"

"कॉलेजचं नाव आहे, आई. ऋचाताईंच्या."

अठ्ठेचाळीस. आमच्या निम्म्याचा हा आकडा मी ओळखते. माझ्याच दारातनं निघून गेलेला हाय तो. फिरून तालुक्याला गेला, शिक्का घेतला आणि फळ्यावर येऊन बसला.

जेठापासनं दिवाळीपतोर आमची मेंढरं त्या गायरानावर जगतात. ते गेलं तर सहा महिने त्यांना ठेवायची कुठं? अंगणात? मालकाला सांगितलं. ते तकली फिरवत व्हते, लोकर कातत. तकली थांबली न्हाई. फक्त मालकानं तोंड पलीकडं फिरवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पोरीला फोन लावला आणि कापला. दोनदा. शनिवारी येणारच हाय. समोर येऊंदे. असली घालून पाडून बोलते तिला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आली. खांद्याला पिशवी, हातात माझ्यासाठी सांगलीचं भडंग. मी पुडी खाली ठेवली.

"आमचं गायरान दिलंस तू."

"मी?" पोरगी पांढरी पडली. "मावशी, माझा प्रबंध अजून जमासुद्धा नाही झाला. तालुक्याचं काम सरांकडे होतं. त्यांनी आकडे मागितले, मी दिले."

"खोटं हायत ते."

"कशावरून?"

"मी सांगितलेलं हायत म्हणून."

बसलीच खाली, लेंड्यांत. मग मी सगळं सांगितलं. नजर, दंड, मल्हारदादाचा निरोप. राखोळीचं बी सांगितलं. ते ऐकून तिनं डोळे मिटले. ते प्रकरण लिहून झालं व्हतं म्हणे, बावीस पानं.

"सगळ्यांनी बरोबर निम्मं सांगितलं?"

"कुठलं बरोबर? कुणी निम्मं लपवलं, कुणी तिसरा हिस्साच. शेवटच्या घरातल्याला भीती जास्त, त्यानं पावच सांगितलं."

"म्हणजे मी नुसतं दुप्पटही करू शकत नाही." ती स्वतःशीच बोलत व्हती. "तेवीस घरांनी सारखं सांगितलं म्हणून मी..."

"तेवीस घरं मल्हारदादाला भितात, एवढंच खरं हाय त्यात."

"मला वाटलं, तुम्ही मला खरं सांगाल."

हे लागलं मला. लागलं म्हणून जास्त ओरडले. "मग बघायचं व्हतंस की! मेंढरं काय पेटीत ठेवलीत? डोळे हायत ना?"

"तुम्हीच दुपारी या म्हणाला होता, मावशी. प्रत्येक घराला."

व्हय. दुपारी मेंढरं रानात असतात. म्हणूनच म्हणलं व्हतं.

मग तिनं विचारलं, दहा वर्षांमागचा आकडा तरी खरा का? तो कुठला म्हणून मी विचारलं, तर म्हणली गुरांच्या दवाखान्यातला, लस टोचली त्या वेळचा. तो खराच असणार. सुई मारताना निम्मं सांगून कसं चालंल? उरलेलं निम्मं मरतं.

"म्हणजे तवा एका मापानं मोजलं, आता दुसऱ्या मापानं, आणि म्हणता माल घटला," मी म्हणलं. "बाजारात असलं माप घातलं असतंस तर बायकांनी झोडपलं असतं."

तिनं पायाजवळची लेंडी उचलून लांब टाकली. मग म्हणली, "हे पहिल्या वर्षाला शिकवतात, मावशी. मला ह्याच्यावर दहापैकी नऊ पडले होते."

वीस मार्चला तिला प्रबंध द्यायचाय. आकडे पडले की सगळं पडतं. वर्ष जातं. घरी म्हणतात, वर्ष गेलं तर शिक्षण बास, स्थळं बघू. ते सांगताना रडली न्हाई, मला वाटलं रडंल. जाताना घड्याळाची वही मागाय बी विसरली. भडंग हितंच राहिलं. संध्याकाळी जाऊबाईनं खाल्लं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मल्हारदादाला म्हणलं, खरा आकडा लिहून देऊ. तेवीस घरांचा. हरकत घेऊ.

"मोजलं की संपलं," म्हणले.

"आवं दादा, न मोजताच संपाय लागलंय."

"चौथी शिकलीस न् कलेक्टर झालीस व्हय गं? त्या पोरीच्या नादानं?" मग मालकाकडं वळून, "धुळा, बायकोला काय सांगतोस का न्हाई?"

मालकानं माझ्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं. "पाणी आणतो," म्हणले आणि घागर घेऊन गेले. घागर भरलेली व्हती. असला नवरा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ज्वारी निवडत बसले व्हते. सुपातनं खडा दिसला की बोट जातं आणि खडा बाहेर पडतो. तोंडानं काय म्हणत न्हाई आपण, एक, दोन. हात करतो.

मग डोक्यात आलं. वाघर काढली की, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं सोडलं की, मेंढरं फटीतनं बाहेर पडतात. एक मेंढरू बाहेर पडलं की एक दाणा फडक्यात टाकायचा. आकडा काढायचा न्हाई, बोट दाखवायचं न्हाई. गाठ मारायची आणि फडकं द्यायचं त्या पोरीला. आमी मेंढरं मोजली न्हाईत. तिनं दाणे मोजले. बिरोबाला राग आला तर त्यानं तिला विचारावं, ती शिकलेली हाय, देईल उत्तर.

बुधवार, २६ फेब्रुवारी

केलं. दादाची आणि आमची एकत्रच असतात, पण आपली कुठली ते तोंडावरनं कळतं. आपल्यामागंच दाणा टाकला.

मालकानं आज वाघर इतकी हळू काढली की मला राग आला. एक खुंटी उपटायची, आणि उभं राहायचं. एका वेळी एकच मेंढरू निसटंल एवढीच फट. मागनं दादा ओरडतायत, "धुळा, झोपलास का रं?" तरी बाबा जागचा हलंना. म्हातारपण लागलंय त्यांना. बरंच झालं म्हणा, माझा एक दाणा चुकला न्हाई.

आकडा हितं बी लिहीत न्हाई. मी मोजलेलाच न्हाई.

दुपारी फोन लावत बसले. कडेगाव, तासगाव, कराडच्या अंगाला आमचे वाडे पसरलेत. बायकांनाच लावले. एकीला सांगितलं की ती दुसरीला सांगती. मेंढरामागं एक दाणा, आकडा तोंडात न्हाई. कुणी शिव्या दिल्या. एक म्हणली, "धोंडुबाई, तुला सरपंच व्हायचंय काय?" म्हणलं, मला नुसतं झोपायचंय, पण आपल्या गायरानात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

तुटक्या कानाचीचं कोकरू मेलं. काल धड व्हतं. सकाळी पाय ताणून पडलेलं.

दादा काय बोलले न्हाईत. नुसते माझ्याकडं बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी हे मानत न्हाई. दर साली कोकरं मरतात. पण दाण्यांचं गाठोडं घोंगड्याखालनं काढून घोड्याच्या खोगिरात ठेवलं, माझ्यापासनं लांब.

रविवार, २ मार्च

सोळा पुरचुंड्या आल्या. तेविसातल्या सोळा. कुणी एसटीच्या ड्रायव्हरकडं दिली, कुणी बाजारात हातात ठेवली. एकीनं ज्वारीऐवजी हरभरे घातलेत, म्हणे मेंढरं तिची मोठी हायत. सोळावी पुरचुंडी सकाळी आमच्या चुलीजवळच सापडली. लाल चिंधी, भंडाऱ्यानं पिवळी झालेली. मल्हारदादाच्या पटक्याची चिंधी ती, मी ओळखते. जाऊबाईनं फाडून गुपचूप ठेवली असणार. दादाला कळलं तर हाडं मोडतील तिची. तिला म्हणलं, लय धाडस केलंस गं बाई. तर माझ्याकडं येड्यासारखी बघाय लागली. नाटकी हाय. दादा दिवसभर फाटका पटका बांधूनच फिरले, त्यांना काय पत्ताच न्हाई.

ऋचाला बोलावलं व्हतं. बाभळीखाली घोंगडं अंथरलं. तिनं एकेक पुरचुंडी सोडली, घराचं नाव लिहिलं आणि दाणे बोटानं दहा-दहा करून सारले. मी पाठ करून बसले. ऐकाय नको म्हणून मोठ्यानं कुत्र्याला शिव्या देत व्हते. कुत्र्यानं काय केलं नव्हतं.

मग ती म्हणली, "मावशी, आकडा सांगत नाही. पण थोडी कमी झालीत. निम्मी नाही. थोडीच."

थोडी कमी झालीत ते मला म्हाईत हाय. गेलेल्यांची तोंडं बी आठवतात.

पोरगी हसत व्हती आणि डोळे पुसत व्हती. पुरचुंड्या पिशवीत भरल्या, प्रत्येकीवर कागद डकवला. उद्या सरांना दाखवते म्हणली. जाताना मी भाकऱ्या बांधून दिल्या. जास्तीच्या झाल्या व्हत्या म्हणून.

गुरुवार, ६ मार्च

चार दिवस फोन न्हाई. मी लावला तर उचलंना. आज तिचा आला.

सरांनी दाणे बघितले. मधुकर सर म्हणतात त्यांना. मला वाटलं हाकलून दिलं असंल. तसं न्हाई. बसवून घेतलं आणि एकच विचारलं, "हे दाणे टाकताना कुणी पाहिलं? तेव्हा सरकारची भीती होती म्हणून त्यांनी कमी सांगितलं. आता गायरान हवंय म्हणून जास्त टाकले नसतील कशावरून?"

"मग तू काय म्हणलीस?"

"काही नाही. बरोबर आहे ना त्यांचं, मावशी?"

मला लय राग आला. पण बरोबर हाय. भाऊसोला तीनशे सांगणारी माणसं आमी. मी सर असते तर हेच विचारलं असतं.

"सर म्हणाले, आता आहे तसा प्रबंध जमा कर. दाण्यांचं पुढं कधीतरी बघू, वेगळा लेख करू."

"आणि सतरा तारीख?"

मागनं कुणीतरी बाई हाक मारत व्हती, "ऋचा, पाहुणे आलेत, आवर." तिनं फोन ठेवला.

शनिवार, ८ मार्च

ऋचा,

ही वही भाऊसोच्या हातनं पाठवते. तो उद्या सांगलीला निघालाय. तुझ्या घराचा पत्ता तू दिलेल्या फारमवर हाय, तो त्याला फाडून दिलाय.

ही तुला दाखवायची नव्हती. सुरुवातीची पानं तुझ्याबद्दल वाईट हायत. ती फाडू नको. मीच म्हणलं व्हतं, खरं काय ते हितं, मग ते बी राहूंदे. एकदा तू म्हणलीस की माणसानं स्वतःसाठी लिहिलेली वही बी पुरावा असती, फक्त ती मागता येत न्हाई. तू मागितली न्हाईस. मी देते. निम्मं कसं ठरलं, कुणी ठरवलं, निरोप कुणी पोचवला, दुपारी या असं कुणी सांगितलं, सगळं तारखेनं हाय. निम्म्याचं तर दाणे टाकायच्या लय आधी लिहिलंय, पाच फेब्रुवारीला. तवा मला गायरानाचं काय बी म्हाईत नव्हतं. तुझ्या सरांना तेवढंच पान दाखव. त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं हाय.

उरलेलं अर्धं उत्तर हितं हाय, माझ्या रानात. कुणी पाहिलं म्हणतात ना? मग येऊन बघावं. होळीला, गुरुवारी १३ तारखेला, सकाळी आठला वाघर निघंल. फटीच्या एका अंगाला मी उभी राहीन, दुसऱ्या अंगाला त्यांनी उभं राहावं. दादाची न् आमची सगळी धरून, त्यांचे दाणे त्यांच्या फडक्यात, माझे माझ्या. दोन्ही जुळले न्हाईत तर मी गप्प बसते, तू बी गप्प बस. वाटलं तर तिथनं उठून दुसऱ्या वाड्यावर जावं, त्यांच्या मनाला येईल त्या, आधी न सांगता. मल्हारदादाला विचारलं, सर आले तर चालतील का. "मला काय विचारतीस, मी काय बघितलं न्हाई," म्हणले. आजून बी तोच फाटका पटका. मालकाला म्हणलं, त्या दिवशी जरा चपळाईनं खुंट्या काढा, शिकलेली माणसं येणार हायत. तर मालक तीस वर्षांत पहिल्यांदा मला उलट बोलले. म्हणले, "हळूच काढणार."

आणखी एक. तुझ्या फारमवर लिहिलंय, नाव गुप्त ठेवलं जाईल. मी उत्तर देणारी नंबर सात. ते खोड. नंबर सातला तालुक्यात कोण विचारतंय? लिही, धोंडुबाई धुळा, हिनं पहिल्यांदा खोटं सांगितलं आणि तेवीस घरांना सांगाय लावलं, आणि तीच आता खरं सांगती. मला चारचौघांत लाज वाटंल ती वाटंल. नाव माझं, लाज बी माझी. मल्हारदादाचं नाव तेवढं घालू नको.

तू नापास होशील का मला म्हाईत न्हाई. तूच म्हणलीस, अंदाज खोटा ठरला तरी पास करतात. कागदावर तरी, म्हणलीस. मग कागदावर करूंदे. वर्ष गेलं आणि घरात स्थळं बघाय लागले तर हितं ये, पाच-सहा महिने घोड्यामागं चालशील, पण पाहुण्यांपुढं पोहे न्यावं लागणार न्हाईत. हे मी थट्टेनं लिहिलं न्हाई.

भाऊसोच्या रानातली आमची मुदत संपत आली. बुधवारी वाडा हलवायचा का गुरुवारपतोर थांबवायचा ते मला दादाला सांगाय लागतंय. म्हणून मंगळवारी, ११ तारखेला, दुपारी बाराच्या आत फोन कर. येणार का न्हाई, आणि हरकतीच्या कागदावर माझ्या अंगठ्याखाली, न्हाई, सहीखाली, मला सही येती, तुझी सही करणार का न्हाई. दोन प्रश्न हायत. राखोळीसारखं तिसरंच काय सांगू नको.

एका तासाला एकच खूण. व्हय का न्हाई.